‘इकडे बघा’ न म्हणता टिपलेले लग्न

लग्नसराई सुरू झाली की मंगल कार्यालयांतून एक वाक्य हमखास कानी पडते : ‘इकडे बघा!’ मंगळसूत्र बांधता बांधता वराचा हात थबकतो, वधू मान वर करते, गुरुजी मंत्र मध्येच थांबवतात आणि तिघेही कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. छायाचित्र स्वच्छ येते, चेहरे स्पष्ट येतात. मात्र त्या क्षणी मंगळसूत्र कोणीच बांधत नसते. लग्नाच्या छायाचित्रणातील ‘कँडिड’ म्हणून ओळखली जाणारी शैली या एका वाक्याला पर्याय म्हणून उभी राहिली.

समारंभ जसा घडतो तसा, त्यात ढवळाढवळ न करता टिपायचा, ही या शैलीची सोपी व्याख्या. छायाचित्रकार कोणाला उभे करत नाही, कोणाला हसायला सांगत नाही आणि हुकलेला विधी पुन्हा करायला लावत नाही. वृत्तपत्राचा छायाचित्रकार मोर्चा, पूर वा विधिमंडळातील गदारोळ टिपताना जी शिस्त पाळतो तीच येथे लग्नमंडपात आणलेली असते. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत तिला लग्नाचे वृत्तछायाचित्रण असे नाव मिळाले. आपल्याकडे हा शब्द स्टुडिओच्या दरपत्रकातून आला. त्यामुळे ‘कँडिड’ म्हणजे अल्बमचा एक महागडा प्रकार अशी समजूत रूढ झाली. वास्तविक ती काम करण्याची एक रीत आहे आणि ती साधायची तर छायाचित्रकाराइतकेच यजमानांनाही काही पथ्य पाळावे लागते.

थरथरलेली राणी

छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. त्यानंतर वर्षभराने, १८४० च्या फेब्रुवारीत, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया विवाहबद्ध झाली. त्या सोहळ्याचे एकही छायाचित्र नाही. तिच्या थोरल्या मुलीचे लग्न २५ जानेवारी १८५८ रोजी झाले, तोवर मात्र कॅमेरा राजवाड्यात पोहोचला होता. लग्नाला निघण्यापूर्वी राणी, तिचे पती आणि वधू अशा तिघांचे छायाचित्र घेण्यात आले. त्यात वधू स्पष्ट आहे, वडील स्पष्ट आहेत आणि राणीचा चेहरा धूसर आहे. त्या काळी काही सेकंद निश्चल बसावे लागे आणि मुलगी सासरी जायच्या दिवशी त्या आईला ते जमले नाही. आपण थरथरत होतो म्हणून छबी अस्पष्ट आली, अशी नोंद राणीने स्वतःच करून ठेवली आहे. तंत्राच्या हिशेबाने हे छायाचित्र बिघडलेले. परंतु त्या सकाळबद्दल जर काही कळत असेल तर ते त्या बिघाडातूनच.

पुढची कित्येक दशके मात्र बिघाड टाळण्यातच गेली. अवजड कॅमेरा, काचेच्या पट्ट्या आणि मंद रसायने यांमुळे कॅमेऱ्याने लग्नाकडे जाण्याऐवजी लग्नानेच स्टुडिओकडे जावे, अशी प्रथा पडली. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ थाटला. रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची, शेजारी तिवईवर कुंडी आणि त्यांच्यामध्ये श्वास रोखून बसलेले नवे जोडपे, ही चौकट जुन्या घरांच्या भिंतींवर आजही आढळते. पुढे फ्लॅशचा दिवा आला, कॅमेरा हलका झाला आणि छायाचित्रकार मांडवात आला. पण येताना स्टुडिओची सवय सोबत घेऊन आला. ‘इकडे बघा’ हे त्या सवयीचेच शेपूट होय.

दुसरी परंपरा वेगळ्या वाटेने चालली होती. जर्मनीतील एरिच सालोमोन यांचे शिक्षण कायद्याचे. अर्मानॉक्स नावाचा, अंधूक प्रकाशातही चालणारा छोटा कॅमेरा हाती आल्यावर १९२८ पासून त्यांनी न्यायालये, राजनैतिक परिषदा आणि मेजवान्या यांत शिरून मुत्सद्द्यांना त्यांच्या नकळत टिपले. जांभई देणारे, डुलकी घेणारे, एकमेकांच्या कानाला लागलेले मंत्री वाचकांनी प्रथमच पाहिले. ‘कँडिड’ हे विशेषण कॅमेऱ्याला चिकटले ते त्यांच्या कामामुळे. (सालोमोन यांचा शेवट १९४४ मध्ये आउशवित्झच्या छळछावणीत झाला.) त्याच सुमारास, १९२५ मध्ये, लायका हा खिशात मावणारा कॅमेरा बाजारात आला आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी त्याचे सोने केले. १९३७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता. एका फ्रेंच नियतकालिकासाठी तेथे गेलेल्या ब्रेसाँनी राजाचे एकही छायाचित्र काढले नाही. त्यांनी टिपली ती मिरवणूक पाहायला जमलेली गर्दी. लग्नाच्या छायाचित्रकाराला यातून घेण्यासारखे बरेच आहे. बोहल्यावर काय चालले आहे ते सर्वांनाच ठाऊक असते. ते पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय चालले आहे, हे मात्र शोधावे लागते. ब्रेसाँ यांचे १९५२ चे पुस्तक इंग्रजीत ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ या नावाने निघाले आणि ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग छायाचित्रकारांच्या तोंडी बसला.

एलियट अर्विट यांनी सैबेरियातील ब्रात्स्क येथे १९६७ मध्ये काढलेले एक छायाचित्र या संदर्भात आवर्जून पाहावे. नोंदणीसाठी खुर्च्यांवर बसलेले नवरानवरी आणि त्यांच्या शेजारच्या माणसाच्या चेहऱ्यावरचे मिस्कील हसू, एवढाच त्याचा ऐवज. त्या हसण्याचा अर्थ काय, यावर पाहणारा कितीतरी कथा रचू शकतो. अर्विट तेथे कोणाच्या लग्नाचे कंत्राट घेऊन गेले नव्हते, ते वृत्तछायाचित्रकार होते. लग्नाचा अल्बम करणाऱ्यांनी ही नजर उसनी घेतली ती बऱ्याच नंतर.

ती घेणाऱ्यांत अमेरिकेतील डेनिस रेजी यांचे नाव प्रथम घेतले जाते. ‘लग्नाचे वृत्तछायाचित्रण’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच देतात. २१ सप्टेंबर १९९६ रोजी जॉर्जिया राज्यातील कंबरलँड बेटावर, वीजही नसलेल्या एका छोट्या लाकडी चर्चमध्ये जॉन केनेडी धाकटे आणि कॅरोलिन बेसेट यांचा विवाह मोजक्या पाहुण्यांसमवेत पार पडला. चर्चमधून बाहेर पडताना वराने वधूचा हात ओठांशी नेला आणि रेजी यांनी तो क्षण पकडला. ते छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. त्यात दोघेही कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, प्रकाश अपुरा आहे आणि तरी, किंबहुना म्हणूनच, ते लोकांच्या स्मरणात राहिले. त्यानंतर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये या शैलीची मागणी वाढली. २००२ मध्ये तर असे काम करणाऱ्यांची स्वतंत्र संघटनाही अमेरिकेत निघाली.

भारतात हे वारे पोहोचले ते २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डिजिटल कॅमेऱ्याबरोबर. बेंगळुरूचे महेश शांताराम यांच्यासारखे माहितीपर छायाचित्रणाच्या मुशीतून आलेले लोक लग्नांकडे वळले. काही वृत्तपत्रांतील छायाचित्रकारही सुट्टीच्या दिवशी ही कामे घेऊ लागले. २०१७ च्या डिसेंबरात विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांच्या इटलीतील विवाहाची छायाचित्रे भ्रमणध्वनीच्या पडद्यांवर पसरली, तोवर ‘कँडिड’ हा शब्द तालुक्याच्या गावातील स्टुडिओच्या पाटीवरही आला होता.

अंतरपाटाचा एक सेकंद

मराठी लग्न या शैलीला अनुकूल की प्रतिकूल? दोन्ही. अनुकूल अशासाठी की त्यात क्षणांची रेलचेल असते. प्रतिकूल अशासाठी की सर्वांत मोठा क्षण जेमतेम सेकंदभर टिकतो आणि त्या सेकंदात शंभर हात मध्ये येतात.

मंगलाष्टके सुरू झाली की वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार घेऊन उभे असतात. वधूच्या मागे मामा, पाठीमागे करवल्या, सभोवती अक्षता मुठीत धरून उभे राहिलेले पाहुणे. शेवटचे ‘सावधान’ उच्चारले जाते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री कडाडते आणि अक्षतांचा वर्षाव होतो. समोरासमोर आलेले दोन चेहरे नेमके त्याच वेळी पाहायचे असतात. हार घालायला हात उचलले की ते झाकले जातात. येथे पुनरावृत्ती नाही. म्हणून छायाचित्रकाराला जागा आधी ठरवावी लागते. अंतरपाटाच्या रेषेत, म्हणजे दोघांच्या बाजूला उभे राहिल्यास दोन्ही चेहरे दिसतात, पण नेमकी तीच जागा चलत्‌चित्रण करणाऱ्याला हवी असते आणि अंतरपाट धरणारेही तेथेच असतात. एका बाजूच्या मागे उभे राहिल्यास एकच चेहरा मिळतो, पण पुरता मिळतो. अनुभवी मंडळी दोघे मिळून काम करतात, ते यासाठीच. अक्षता हवेत थिजलेल्या हव्या असतील तर १/५०० सेकंदाचा वेग लागतो. १/३० ठेवला तर त्यांच्या रेषा उमटतात आणि चेहरेही हलतात. कार्यालयातील प्रकाश पहिल्याला परवानगी देत नाही आणि दुसऱ्यात धोका आहे. मधला वेग निवडून उरलेले नशिबावर सोपवणे, हाच बहुतेकांचा मार्ग.

या धामधुमीच्या अलीकडे-पलीकडे खरा खजिना असतो. स्वतः रचलेले मंगलाष्टक कागदावरून म्हणणारी आत्या : तिचा आवाज कापतो, कागदही कापतो. लाजाहोमाच्या वेळी वधूच्या ओंजळीत लाह्या घालणारा आणि मग कानपिळीला नवरदेवाचा कान हाती आल्यावर काय करावे हे न सुचणारा धाकटा भाऊ. सूनमुखात सासू आणि सून एकाच आरशात दिसतात. त्या आरशात छायाचित्रकार स्वतःही दिसणार नाही अशी जागा शोधणे हे कसब. झालीच्या वेळी वेळूच्या टोपलीतील दिवे एकामागून एक डोक्यांवर टेकवले जातात आणि तोवर खंबीर राहिलेल्या वडिलांचा बांध तेथे फुटतो. पंगतीतील आग्रह, उखाणा विसरलेली वधू, शालूचा काठ पायात अडकू नये म्हणून सारखी वाकणारी करवली, कोपऱ्यातल्या खुर्चीवर झोपी गेलेले मूल. यांपैकी एकही गोष्ट सांगून घडत नाही.

त्यासाठी विधींचा क्रम तोंडपाठ हवा, आणि तो जातीगणिक, गावागणिक, कधी कधी तर गुरुजींगणिक बदलतो. कोकणातल्या लग्नात जे सकाळी होते ते विदर्भात आदल्या रात्री झालेले असू शकते. बौद्ध पद्धतीच्या विवाहात वधूवर शुभ्र वस्त्रांत असतात. तेथे त्रिशरण-पंचशीलाच्या वेळची शांतता हाच क्षण. निकाहात वधू बऱ्याचदा वेगळ्या दालनात असते आणि तिची संमती विचारली जाते तेव्हा तेथे कोण हजर आहे यावर सारे अवलंबून असते. विशेष विवाह कायद्यानुसार, म्हणजे १९५४ च्या कायद्याने होणाऱ्या नोंदणी विवाहात तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी यांच्यासमोर सही होते. सारा सोहळा पाव तासात आटोपतो. अशा विवाहांना छायाचित्रकार लागतच नाही असे मानणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात सहीसाठी पेन उचलणाऱ्या हाताइतका बोलका विषय विरळाच.

प्रकाशाचे त्रांगडे

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ छायाचित्रे बसत. लग्नाला दहा रोल नेले तर झाली ३६०, आणि प्रत्येकाला पैसे पडत. अशा हिशेबात ‘बघू या काय मिळते ते’ असे म्हणण्याची चैन परवडत नसे, त्यामुळे ज्याची खात्री आहे तेच टिपले जाई. खात्री असायची ती पोझची. डिजिटल कॅमेऱ्याने हा हिशेब उलटवला. त्याहून मोठा फरक पडला तो अंधूक प्रकाशात. रंगीत फिल्म ८०० आयएसओच्या पुढे गेली की दाणेदार होई. २००७ मध्ये आलेल्या निकॉन डी ३ सारख्या कॅमेऱ्यांनी ६४०० आयएसओवरही छापण्याजोगे चित्र दिले आणि फ्लॅश बंद ठेवून काम करणे शक्य झाले. फ्लॅश उडाला की सर्वांना कॅमेऱ्याची जाणीव होते. तो न उडाल्यास पाच-दहा मिनिटांत लोक छायाचित्रकाराला विसरतात, आणि या शैलीचा सारा डोलारा या विसरण्यावर उभा आहे. एफ १.४ किंवा १.८ इतके उघडणारे, ३५, ५० आणि ८५ मिलिमीटरचे छोटे भिंग येथे मोठ्या दुर्बिणीसारख्या भिंगापेक्षा अधिक कामाचे, कारण त्याची कोणाला भीती वाटत नाही.

कार्यालयांतील दिव्यांचे मात्र काय करावे? छतावर पांढऱ्या ट्यूब, बोहल्यावर पिवळे दिवे, चलत्‌चित्रण करणाऱ्याचा डोळे दिपवणारा झोत आणि अलीकडे भर म्हणून रंग बदलणारे एलईडी. एकाच चेहऱ्याचा अर्धा भाग हिरवट, अर्धा नारिंगी येतो. नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारे शटर आहे, ते मंत्रोच्चार चालू असताना वरदान. पण काही एलईडी दिव्यांखाली त्याने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. अल्बममध्ये कृष्णधवल छायाचित्रांचे प्रमाण वाढलेले दिसले तर ते नेहमीच कलादृष्टीमुळे असते असे नाही. पुष्कळदा ती जांभळ्या दिव्यांपासून काढलेली पळवाट असते. तसेच अश्रूंचे. होमाच्या धुराने डोळ्यांत आलेले पाणीही अल्बममध्ये भावनेच्या खात्यावर जमा होते.

यजमानांच्या हातात असलेली एक गोष्ट येथे नमूद करायला हवी. वधूला तयार करण्याची खोली खिडकीची निवडावी आणि तेथील बॅगा, खोकी, कपड्यांचे ढीग एका भिंतीला लावावेत. एवढ्यावर सकाळची निम्मी छायाचित्रे सुधारतात. त्या खोलीत आणि हळदीच्या वेळी महिला छायाचित्रकार असली तर घरच्या बायका किती मोकळ्या वागतात, हेही लक्षात घ्यावे.

सांगून केलेला ‘नकळत’

शैली लोकप्रिय झाली आणि तिची नक्कल सुरू झाली. ‘जमिनीकडे बघून हसा’, ‘त्याच्या कानात काहीतरी सांगा’, ‘आता चालत या, आम्ही नाहीच असे समजा’, अशा सूचना देऊन काढलेली छायाचित्रे सर्रास ‘कँडिड’ म्हणून विकली जातात. लग्नाआधी किल्ल्यावर वा समुद्रकिनाऱ्यावर जाऊन काढायची छायाचित्रे याच जातीची. त्यांत गैर काही नाही. व्यक्तिचित्रण ही स्वतंत्र आणि जुनी कला आहे. ग्राहकाला मात्र आपण कशाचे पैसे देत आहोत हे ठाऊक असावे. विधी चालू असताना गुरुजींना थांबवून वराला तीन वेळा मंगळसूत्र बांधायला लावणारा छायाचित्रकार कितीही उत्तम उपकरणे घेऊन आला तरी तो जुन्याच परंपरेतला.

याहून नाजूक प्रश्न छायाचित्र काढल्यानंतरच्या संस्करणाचा आहे. वृत्तछायाचित्रणाचे नाव घ्यायचे तर त्याची नीतीही घ्यावी लागते. २००३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने इराक युद्धातील दोन छायाचित्रे जोडून एक केल्याबद्दल आपल्या छायाचित्रकाराला कामावरून दूर केले. लग्नाच्या अल्बमला इतका कडक निकष कोणी लावणार नाही. कपाळावरची पुटकुळी पुसली, मागची प्लॅस्टिकची खुर्ची झाकली, तर कोणाचे बिघडत नाही. परंतु आपल्याकडे न विचारता केली जाणारी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे वधूचा वर्ण उजळ करणे. सावळी मुलगी अल्बममध्ये गोरी होऊन येते. कित्येकदा तिच्याच आईवडिलांच्या शेजारी ती परक्या घरची वाटू लागते. ही सेवा ‘मोफत’ असते, तिची चर्चा होत नाही आणि करारात तिचा उल्लेख नसतो. जे जसे आहे तसे टिपतो असे सांगणाऱ्या शैलीत हा बदल बसत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. काम देतानाच ‘त्वचेचा रंग बदलू नये’ अशी ओळ लिहून घेता येते.

दुसऱ्या बाजूचाही दोष सांगायला हवा. या शैलीच्या कट्टर पुरस्कर्त्यांना सामूहिक छायाचित्रांचे वावडे असते. स्टेजवर दोन-दोन तास चालणारी रांग, आहेराचे पाकीट पुढे करून हसणारे पाहुणे आणि उभे राहून पाय दुखलेले नवरानवरी हे दृश्य कंटाळवाणे खरेच. मात्र गावाहून आलेल्या चुलत आजीचे शेवटचे, कदाचित एकमेव बरे छायाचित्र त्या रांगेतच निघते. पुढे ती गेल्यावर घरचे लोक तिचा स्पष्ट, समोरून दिसणारा चेहरा शोधू लागतात. खिडकीच्या प्रकाशात अर्धवट दिसणारी तिची सुंदर आकृती त्या कामी येत नाही. कोण कोणाचा कोण, हे सांगणारे साधन म्हणूनही कुटुंबाचे एकत्र छायाचित्र लागतेच. आपल्याकडे यावर निघालेला तोडगा म्हणजे एक ‘ट्रॅडिशनल’ आणि एक ‘कँडिड’ असे दोन छायाचित्रकार लावणे. खर्च वाढतो, एकमेकांच्या चित्रात ते एकमेकांचे हात-पाय आणतात, तरी तोडगा व्यवहार्य आहे. खर्च झेपत नसेल तर सामूहिक छायाचित्रांची यादी आधी करून, सर्वांना नावाने हाक मारू शकेल असा एखादा मामा वा काका छायाचित्रकाराच्या दिमतीला द्यावा. जेवणापूर्वीच्या अर्ध्या तासात ते काम उरकते आणि पुढचा दिवस मोकळा होतो.

छायाचित्र कोणाचे?

न सांगता टिपायचे म्हटल्यावर न सांगण्यासारखेही टिपले जाते. मानपानावरून दोन व्याह्यांत झालेली शाब्दिक चकमक, पाठवणीच्या वेळी कोसळलेली आई, आत्याच्या चेहऱ्यावरची नाराजी. ते टिपू नये असे म्हणता येत नाही, कारण छायाचित्रकाराला त्या घटकेला अर्थ कळलेला नसतो. कोणाला द्यायचे आणि कोठे प्रसिद्ध करायचे, हा मात्र विचाराचा भाग आहे. आज लग्नाची छायाचित्रे घरच्यांच्या आधी छायाचित्रकाराच्या इन्स्टाग्रामच्या पानावर दिसतात, कारण तीच त्याची जाहिरात असते. रडणारा बाप हा त्या घरचा खासगी ठेवा की उत्तम नमुना?

या बाबतीत आपला कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम स्वामित्वहक्क, विरुद्ध करार नसेल तर, ते काढून घेणाऱ्याचा असतो. अमेरिका व इंग्लंडमध्ये तो सामान्यतः छायाचित्रकाराकडे राहतो. आपल्याकडील अनेक स्टुडिओ तिकडच्या करारांचे मसुदे उतरवून घेतात आणि त्यात ‘सर्व हक्क छायाचित्रकाराकडे’ असे कलम असते. ग्राहक न वाचता सही करतो आणि कायद्याने मिळालेला हक्क तेथेच सोडून देतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्काची मुदतही वाढून छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे अशी झाली आहे. त्यामुळे ही सही दोन पिढ्यांना पुरणारी असते. छायाचित्रकाराचीही बाजू आहे : नमुने दाखवल्याशिवाय त्याला पुढचे काम मिळत नाही. यावर मधला मार्ग म्हणजे प्रसिद्धीसाठी वापरायची छायाचित्रे ग्राहकाने आधी पाहून मंजूर करावीत, अशी अट. चांगले व्यावसायिक ती आनंदाने मान्य करतात.

छायाचित्रकार निवडताना त्याची निवडक वीस छायाचित्रे पाहून भुलू नये, एका लग्नाचे सर्व काम पाहायला मागावे. वर्षभरातील वीस उत्तम क्षण कोणाकडेही निघतील. एकाच दिवसात, एकाच कार्यालयात, त्याच ट्यूबलाइटखाली त्याने काय केले, ते महत्त्वाचे. त्यात वधूवरांखेरीज इतर किती माणसे दिसतात, तेही मोजावे. मूळ फायली मिळणार का, किती छायाचित्रे निवडून देणार, किती दिवसांत देणार आणि आजारी पडल्यास पर्यायी व्यक्ती कोण, हे लेखी असावे. हजारो छायाचित्रांचा ढीग तसाच मिळण्यापेक्षा नीट निवडलेली चारशे-पाचशे केव्हाही बरी. निवड हे निम्मे काम आहे आणि अनेक जण ते ग्राहकावर ढकलतात.

राहता राहिला प्रश्न जतनाचा. २००० च्या दशकात लग्नाची छायाचित्रे सीडीवर मिळत. त्यांतील अनेक सीडी आज वाचल्या जात नाहीत, आणि वाचल्या गेल्या तरी त्या घालायला संगणकात जागा उरलेली नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी, हा संगणक क्षेत्रातील नियम येथेही लागू पडतो. शंभर-दीडशे छायाचित्रे कागदावर छापून घ्यावीत. सामूहिक छायाचित्रांतील नावे पहिल्या वर्षातच, दोन्हीकडची जाणती माणसे हयात असताना विचारून घ्यावीत आणि अल्बमच्या पानावर छायाचित्राच्या कडेला लिहावीत. छायाचित्राच्या मागे बॉलपेनने लिहू नये. टोकाचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर उमटतो.